पाचव्या सीझनचा कॉलिन, एकतिसाव्या सीझनचा कॉलिन आणि तुमची व्हिएतनामची सहल

तुमचा प्रश्न मला असा समजला. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात दोघांचं छान जमतं, पण प्रवासाला निघालं की विमानतळापासूनच खटके उडायला लागतात. नोव्हेंबरात पहिल्यांदाच टूर कंपनीशिवाय, दोघंच दहा दिवस व्हिएतनामला निघाला आहात. त्याआधी 'द अमेझिंग रेस' या अमेरिकन टीव्ही शर्यतीचा पाचवा आणि एकतिसावा सीझन पाठोपाठ पाहिलात आणि त्यावरूनच घरात वाद झाला. तुमचे मिस्टर म्हणतात, त्यातला रागीट स्पर्धक कॉलिन एवढा बदलू शकतो तर आपण का नाही? तुम्ही म्हणता, टीव्हीवाले हवं तेच दाखवतात. माणूस प्रवासात खरंच बदलतो का, आणि बदलत असेल तर जायच्या आधी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी एकोणीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून गट घेऊन फिरते, बहुतेक युरोप आणि आग्नेय आशिया. या काळात शेकडो जोडपी जवळून पाहिली, नवी लग्न झालेली आणि लग्नाला पन्नास वर्षं झालेलीही. ही रेस मी सुरुवातीच्या सीझनपासून बघते आणि मनोरंजनापेक्षा अभ्यास म्हणून जास्त बघते. म्हणून जरा लांब लिहिते.

ज्यांनी हे दोन सीझन पाहिले नसतील त्यांच्यासाठी दोन ओळी. दोघादोघांच्या जोड्या, हातात मोजके पैसे, देशोदेशी चिठ्ठ्या शोधत आणि कामं करत धावायचं, टप्प्याच्या शेवटी शेवटची जोडी बहुधा बाद, आणि जिंकणाऱ्यांना 10 लाख डॉलर. 2004 च्या पाचव्या सीझनमध्ये 11 जोड्या होत्या. उरुग्वेपासून रशिया, इजिप्त, टांझानिया, दुबई, आपलं कोलकाता, न्यूझीलंड, फिलिपिन्स असं करत ते डॅलसला संपले. कॉलिन आणि क्रिस्टी ही तेव्हाची प्रेमात असलेली तरुण जोडी सगळ्यांत जोरदार धावली, पण जिंकले चिप आणि किम हे शांत नवरा-बायको. कॉलिन-क्रिस्टी दुसरे आले. 2019 च्या एकतिसाव्या सीझनमध्ये जुने स्पर्धक पुन्हा बोलावले, त्यात हे दोघंही होते. मधल्या काळात ते आईबाप झाले होते. या वेळी डेट्रॉइटला पहिले पोचले ते तेच.

आता आधी एका गोष्टीवर मी तुमच्या दोघांशीही असहमत आहे. पाचव्या सीझनमध्ये कॉलिन रागीट होता म्हणून हरला, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. त्या सीझनमध्ये त्यांनी अनेक टप्पे पहिल्या नंबरने पूर्ण केले. 11 जोड्यांत दुसरं येणं ही काही हार नव्हे. फिलिपिन्समधल्या चिखलाच्या शेतात नांगर ओढणारं जनावर ऐकेना, तेव्हा 'माझा बैल बिघडलाय' म्हणून कॉलिन ओरडला, ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिलं. पण तेवढ्याने रेस गेली नाही.

राग त्यांना कुठे महागात पडला ते टांझानियात दिसतं. टॅक्सीचे 100 डॉलर ठरले होते. वाटेत टायर पंक्चर झाला, वेळ गेला, म्हणून कॉलिन म्हणाला मी अर्धेच देणार. टॅक्सीवाला ऐकेना, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. 50 डॉलरसाठी 10 लाखांची शर्यत पणाला लागली. तो रागीट आहे हा भाग वेगळा. मला दिसतं ते हे की आत्ता भांडण कशासाठी चाललंय आणि ते किमतीचं आहे का, हे त्या क्षणी सांगणारं त्याच्याजवळ कोणी नव्हतं. क्रिस्टी शेजारीच होती, पण त्या वेळी दोघंही एकाच वादात अडकले होते.

तुमचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं. स्वभाव बदलतो का, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रवासात भांडण नेमकं कुठल्या क्षणी सुरू होतं, एवढं मात्र मी सांगू शकते, कारण ते मी शेकडो वेळा पाहिलंय. ज्या निर्णयाला मालक नसतो तिथे भांडण होतं.

व्हेनिसचं उदाहरण सांगते. व्हेनिसला दोन मुख्य स्टेशनं आहेत. मेस्त्रे हे जमिनीवरचं आणि त्यानंतर पुलावरून पाणी ओलांडून सांता लुचिया, म्हणजे कालव्याकाठचं. एका वर्षी आमच्या गटातलं चाळिशीतलं एक जोडपं आदल्या दिवशी स्वतंत्र फिरून गाडीने परत येत होतं. पाटीवर 'व्हेनेत्सिया' एवढं वाचून नवरा बॅगा घेऊन मेस्त्रेलाच उतरला. बायको दारात म्हणत होती, 'अहो, हे नाही वाटत.' शेवटी तीही उतरली. चूक केवढी? मेस्त्रेहून सांता लुचिया दहा मिनिटांवर आहे आणि गाड्या सारख्या असतात. वीस मिनिटांचं नुकसान. पण ते दोघं फ्लॉरेन्स सोडेपर्यंत, म्हणजे तीन दिवस, एकमेकांशी धड बोलले नाहीत. मी दोघांशी वेगवेगळं बोलले तेव्हा कळलं की कुठल्या स्टेशनला उतरायचं हे बघायचं काम कोणाचं, ते ठरलंच नव्हतं. त्यांना वाटलं तिने बघितलंय, तिला वाटलं यांनी. मग चूक कोणाची? दोघांची आणि कोणाचीच नाही. असं भांडण लवकर मिटत नाही, कारण कोणाला माफी मागता येत नाही.

रेसमध्ये यावर एक सुंदर तोडगा आहे आणि तो नियमातच बसवलाय. 'रोडब्लॉक' नावाचं काम दोघांपैकी एकानेच करायचं असतं. काम काय आहे हे कळायच्या आधी, फक्त एका सूचक वाक्यावरून, कोण करणार ते दोघांनी ठरवायचं. एकदा नाव ठरलं की बदलता येत नाही. दुसऱ्याने बाजूला उभं राहून धीर द्यायचा, बस. पुढच्या वेळी बघताना बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघा. काही जण तिथून सतत सूचना देतात, 'तसं नको, असं कर.' आत काम करणारा आधीच घामाघूम असतो, त्याचा हात आणखी चुकतो. आणि काही जण फक्त 'चाललंय, छान चाललंय' एवढंच म्हणतात. एकतिसाव्या सीझनमध्ये कॉलिन आणि क्रिस्टीमध्ये मला सगळ्यात मोठा फरक हा दिसला. चुका तेव्हाही झाल्या. पण एकाचं काम अडलं की दुसऱ्याचा आवाज चढत नव्हता.

तुम्ही म्हणता ते एडिटिंगचं खरं आहे, अगदी खरं. दिवसभराचा टप्पा तासाभराच्या भागात बसवतात, मग काय ठेवलं नि काय कापलं ते त्यांच्या हातात. शिवाय प्रत्येक जोडीबरोबर कॅमेरावाला आणि साउंडवाला धावत असतात, म्हणजे ते दोघं कधीच एकटे नसतात. गटातली जोडपीही माझ्यासमोर नि इतर चाळीस जणांसमोर जपून वागतात आणि रात्री खोलीत बोलतात. पण तीन-चार आठवडे, अपुऱ्या झोपेवर, भुकेल्या पोटी कोणी शांतपणाचं सोंग टिकवू शकत नाही. माझ्या गटात पाचव्या दिवशी सगळ्यांचे मुखवटे उतरतात. म्हणून एकतिसाव्या सीझनचा शांतपणा मला खरा वाटतो. तो कशामुळे आला, मुलांमुळे, वयामुळे की आणखी कशामुळे, हे मी सांगू शकणार नाही.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगते, कारण त्या धरल्या नाहीत तर माझा सल्ला निरुपयोगी ठरेल.

पहिली म्हणजे झोप आणि पोट. ही हलकी गोष्ट समजू नका. ल्युसर्नला एक काका बायकोवर आणि माझ्यावर असे ओरडले की गट गप्प झाला. काकू मात्र शांतपणे पर्समधून खाकरा आणि पेढा काढत म्हणाल्या, 'शुगर उतरलीये यांची.' वीस मिनिटांत काका माफी मागत होते. तेव्हापासून कोणी अचानक चिडलं की मी आधी विचारते, शेवटचं कधी खाल्लंत? तुमच्यापैकी कोणाला मधुमेह, मायग्रेन असं काही असेल तर वेळच्या वेळी खाणं आणि झोपणं हे तुमच्या प्लॅनमधलं पहिलं काम आहे, बाकी सगळं नंतर. दुसरी गोष्ट पैसा. एकाला वाटतं एवढ्या लांब आलोय तर बघून घेऊ, दुसरा मनात हिशोब मांडत असतो. हे तुमच्यात असेल तर ते विमानतळावर सुटणार नाही, घरीच बसून रोजचा आकडा ठरवा. आणि तिसरी, ही सहल मुळात कोणाच्या मनातली आहे? एकाच्या हट्टाखातर दुसरा आला असेल तर प्रत्येक गैरसोयीचा हिशोब त्या हट्टाच्या खात्यावर जमा होतो. हे मी तुमच्या प्रश्नावरून ओळखू शकत नाही, तुम्हालाच माहीत.

माझ्या स्वतःच्या घरचा अनुभवही सांगायला हवा, कारण मी हे सगळं शिकले ते त्यातून. काही वर्षांपूर्वी मी आणि माझे मिस्टर दोघंच थायलंडला गेलो. तिकिटं, हॉटेलं सगळं त्यांनी केलं होतं. मी म्हटलं होतं, या वेळी मी काहीच बघणार नाही, मला सुट्टी हवी. बँकॉकहून क्राबीला जायच्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर ते ड्रायव्हरला 'डॉन म्युआंग' म्हणाले. मी लगेच म्हटलं, 'अहो नाही, सुवर्णभूमी. मी इतके गट नेलेत तिथून.' ते म्हणाले, 'तिकिटावर डॉन म्युआंग आहे.' मी मान्यच केलं नाही. माझ्या अनुभवापुढे ते गप्प बसले आणि आम्ही सुवर्णभूमीला गेलो. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, हे मला माहीत असूनही मी त्यांचं तिकीट न बघता माझी सवय पुढे केली. विमान गेलं. नवी तिकिटं काढली, अर्धा दिवस गेला. ते एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. काम त्यांचं होतं, ते त्यांनी नीट केलं होतं, आणि मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. त्या संध्याकाळी समुद्रावर बसून आम्ही जी वाटणी केली ती आजही पाळतो.

वाटणी अशी. प्रवासातला प्रत्येक निर्णय आधीच एकाच्या नावावर. तिकिटं, विमानतळ, गेट, गाडीचा डबा, हे त्यांचं. जेवण कुठे, शहरात कसं फिरायचं, टॅक्सीशी बोलणं, हे माझं. ज्याचं काम त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याने एकदा, फक्त एकदा, शंका बोलून दाखवायची: 'तिकीट बघून घे.' मालकाने तिकीट काढून बघायचंच, मान्य करायचं की नाही ते त्याचं. आणि चूक झाली तर त्या दिवशी त्यावर बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बोलायचं. तोवर बहुतेक चुका एवढ्याशा झालेल्या असतात. गटातल्या अनेक जोडप्यांना मी हे सुचवलंय. ज्यांचं जमलं त्यांनी घरून निघायच्या आधी वाटणी केली होती, वाटेत करायला बसलेल्यांचं मी फारसं जमलेलं पाहिलं नाही.

इथे एक अडचण येईल. तुम्हा दोघांपैकी एक जण सगळंच करत असेल, म्हणजे घरात तिकिटांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं एकीच्याच डोक्यात, तर वाटणी कागदावर होईल आणि प्रत्यक्षात होणार नाही. मग सुरुवात एकाच गोष्टीने करा. एक संपूर्ण दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्या, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्या दिवशी जेवणाला उशीर झाला, चुकीच्या बसमध्ये बसलात, तरी चालेल असं आधीच ठरवा. पाच-सहा तासांनी दुसऱ्याच्या हातात जबाबदारी सुरक्षित आहे हे कळतं आणि मग मोकळं वाटतं. मला तरी वाटलं.

दुसरी मोठी गोष्ट मी रेसमधून उचलली, आणि माझ्या कामात ती रोज उपयोगी पडते. नीट बघितलंत तर दिसेल की जोड्या मध्यरात्री जीव तोडून धावतात, एक जोडी दुसरीपेक्षा चार तास आधी पोचते, आणि पुढची चिठ्ठी जिथे आहे ती जागा सकाळी आठला उघडते. आठ वाजता सगळे एकाच दारात उभे. चार तासांची आघाडी शून्य. विमानांचंही तसंच, तिघं वेगवेगळ्या वेळी विमानतळावर पोचतात पण पहिलं विमान पहाटेचंच, मग तिघंही त्याच विमानात. रेस बनवणारे हे मुद्दाम करतात, नाहीतर पहिल्या टप्प्यात पुढे गेलेली जोडी शेवटपर्यंत पुढेच राहील. अनुभवी जोड्या कुठे धावायचं आणि कुठे झोपून घ्यायचं हे यावरून ठरवतात.

आता आपल्या सहलीकडे बघा. हॉटेलातून निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून नवरा-बायको गाडीत घुमे बसतात, आणि म्युझियम नऊला उघडणार असतं, आम्ही पावणेनऊला दारात. ते सगळं भांडण फुकट गेलेलं असतं. म्हणून वाद सुरू होतोय असं वाटलं की एकच प्रश्न विचारा: पुढचं दार किती वाजता उघडतं? विमानाचं गेट बंद होणार असेल तर पळा, आवाज चढला तरी चालेल, नंतर बघू. दार उघडायला वेळ असेल तर चहा घ्या. माझ्या अनुभवात दहा दिवसांच्या सहलीत खरंच घाई करावी अशा वेळा तीन-चारच येतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या विमानाच्या किंवा रेल्वेच्या असतात.

'डिटूर'बद्दल थोडंसं, कारण तुम्ही विचारलं होतं की निर्णय मध्येच बदलावा का. डिटूरमध्ये दोन कामांपैकी एक निवडायचं असतं आणि जमत नसेल तर सोडून दुसऱ्याकडे जाता येतं, त्याला दंड नाही. मी जे पाहिलंय त्यात दर पंधरा मिनिटांनी 'आपण दुसरं घ्यायला हवं होतं' म्हणत राहणाऱ्या जोड्या सगळ्यात जास्त वेळ घालवतात. सोडायचं तर लगेच सोडा, नाहीतर तो विषय बंद. रेस्टॉरंट निवडतानाही हेच.

चिप आणि किमबद्दल एक सांगायचं राहिलं. ते धावण्यात सगळ्यात वेगवान नव्हते. पण लोकांशी त्यांचं पटकन जमायचं, आणि योग्य वेळ आली तेव्हा ते कचरले नाहीत. पाचव्या सीझनमध्ये 'यील्ड' हा नवा नियम आला होता, एक जोडी दुसऱ्या जोडीला थांबवून ठेवू शकायची, आणि प्रत्येक जोडीला तो रेसभरात एकदाच वापरता यायचा. चिप-किमनी तो जपून ठेवला आणि शेवटाकडे फिलिपिन्समध्ये कॉलिन-क्रिस्टीवर वापरला. शांत जोडी म्हणजे मवाळ जोडी, असा समज तुमच्या मिस्टरांचा असेल तर त्यांना हा भाग पुन्हा दाखवा.

आता प्रत्यक्ष व्हिएतनाम. तुमच्या सहलीत ज्या ठिकाणी निर्णयाला मालक लागेल अशा जागा मला दिसतात त्या सांगते. ई-व्हिसावर पासपोर्टातलं नाव जसंच्या तसं हवं आणि प्रवेशाचं ठिकाण नोंदवलेलं असतं, ते तुमच्या विमानाशी जुळतंय ना हे एकाने तपासायचं. परतीचं विमान रात्री साडेबारा-एकचं असेल तर तारीख बघा, 14 तारखेचं 00:40 म्हणजे 13 च्या रात्री विमानतळावर असायला हवं. या एका गोष्टीवरून मी अख्खी कुटुंबं रडताना पाहिली आहेत. हनोईचा विमानतळ गावापासून बराच लांब आहे, तिथे उतरल्यावर टॅक्सी कोण बघणार ते विमानात बसायच्या आधी ठरवा. ॲपवरून गाडी बोलावली तर भाड्याची घासाघीस राहतच नाही, आणि टांझानियासारखा प्रसंग येत नाही. पैसे देणारी व्यक्ती एकच असू द्या, कारण 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात, अंधारात सहज गफलत होते. त्या दोन नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

आणि मध्य व्हिएतनाममधलं होई आन, ह्युए नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवलं असेल तर त्या भागात तेव्हा पावसाळा असतो, पूरही येतो. उत्तरेकडच्या हनोई आणि 'हा लाँग' उपसागराकडची हवा त्या दिवसांत छान असते. तिथले दिवस वाढवून मधला भाग कमी करता आला तर बघा. तुमच्या तारखा आणि विमानांच्या वेळा इथे टाकल्यात तर कुठे घाई होईल आणि कुठे तुम्हाला निवांत बसता येईल ते मी बघून सांगते.